धुळ्याला राहिलेला डबा

आमच्या घरात थंडी तेलावरून मोजली जायची. खोबरेल गोठलं तर त्याला कुणी विचारत नसे, ते दिवाळीनंतर गोठतंच. शेंगदाण्याचं तेल बरणीत गढूळ दिसायला लागलं की अक्का म्हणायची, "आता पडली थंडी." आणि तेच तेल पळीवरून ओतताना तार धरून हळू पडायला लागलं, की ती चुलीपासूनच मला सांगायची, "आज जाऊ नको."

अक्का म्हणजे माझी आई. गल्लीतले सगळे तिला अक्का म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणत आले. मी जळगावहून धुळ्याला अप-डाऊन करत असे. तिथल्या एका ग्रंथालयात मी सहायक होते. सकाळी सव्वासहाची गाडी, एरंडोल, पारोळा, मग धुळे. संध्याकाळी तीच गाडी परत. गिरणेचा पूल ओलांडताना हिवाळ्यात नदी दिसत नसे, धुकंच दिसे. खिडकीच्या काचा खाली सरकून खडखडत. आम्ही रोजचे लोक स्वेटरच्या आत आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र घालून बसायचो. कागद वारा अडवतो. बर्फ मी फक्त पुस्तकांतल्या चित्रांत पाहिलेला. पण धुळ्याजवळ फागण्याच्या अलीकडे शेतातल्या कडब्यावर दहिवर गोठून पांढरं झालेलं दोन-तीनदा पाहिलं आहे.

मी जायचं की नाही, हे आठ वर्षं अक्काने ठरवलं. मी कधी वाद घातला नाही. ती 'नको' म्हणाली की मी रजेचा अर्ज गाडीच्या कंडक्टरकडे देऊन घरी यायची आणि वाचत बसायची.

कार्तिकात ती गेली. त्या सकाळी थंडी नव्हती. तेल पातळ होतं. तिने डबा भरला, दाराच्या खुंटीवरच्या पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "जा." दुपारी भांडी घासताना ती एका अंगावर कलंडली. कोपऱ्यावरच्या दुकानातून ग्रंथालयात फोन आला. मी मिळेल त्या गाडीने निघाले, पण पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि गल्लीत लोक उभे होते. ओसरीवर आबा, माझे वडील, भिंतीला टेकून बसले होते. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "आलीस." तेवढंच.

त्यानंतरच्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही. लोक येऊन बसत आणि जात. शेजारच्या घरांतून पिठलं, भाकरी, वरण यायचं. आमच्याकडे एरवी कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही. निदान चिमूटभर साखर तरी टाकतात. पण शोकाच्या घराला हा नियम लागत नाही. माणूस गेल्यानंतरचा पहिला सण होईपर्यंत, निदान आमच्या गल्लीत तरी, अशा घरातून शिजवलेलं अन्न बाहेर जात नाही. तेव्हा शेजारणींची भांडी मी घासून रिकामीच परत देत होते. त्या तशीच घेत होत्या. मला रडू येत नव्हतं. भांडी घासायला बरं वाटत होतं असंही नाही. ती समोर होती म्हणून घासत होते.

तेरावा झाला तरी मी कामावर गेले नाही. सव्वासहाच्या गाडीसाठी उठून तयार होत होते, पिशवी खांद्याला लावत होते आणि दाराशी थांबत होते. कुणी 'जा' म्हणत नव्हतं, कुणी 'नको' म्हणत नव्हतं. मग मी पिशवी परत खुंटीला अडकवायची.

मार्गशीर्षात आमचे ग्रंथपाल आणि शिपाई नाना दोघं भेटायला आले. ग्रंथपाल मितभाषी गृहस्थ होते. चहा संपेपर्यंत ते आबांशी कापसाबद्दल बोलले. आबा जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. मग ग्रंथपाल माझ्याकडे वळले.

"थंडी फार पडली आहे यंदा. गाड्याही धुक्यात उशिरा येतात. तुम्ही असं करा, घरूनच काम करा काही दिवस."

"घरून कसं होईल, सर?"

"कार्डं आहेत ना." त्या वर्षी आम्ही ग्रंथालयाची जुनी वही मोडून कार्डांची यादी करत होतो. प्रत्येक पुस्तकाची तीन कार्डं, एक लेखकाचं, एक नावाचं, एक विषयाचं. "मी वहीतल्या नोंदी चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवतो. तुम्ही अक्षर चांगलं काढता. कार्डं लिहा आणि परत पाठवा. गाडीवरचा भाऊ आणेल-नेईल."

नाना म्हणाले, "आन थंडीत देवघेवीच्या टेबलावर बसून काय करायचं, बाई? वाचकच येत नाहीत. म्हातारे येतात दोन-चार, तेबी उन्हात बसायला."

ग्रंथपाल उठताना म्हणाले, "मात्र संक्रांतीपर्यंत मला काय ते कळवा. टेबलावर कायम कुणीतरी लागेल. तुम्ही येणार असाल तर टेबल तुमचंच आहे. नसाल, तर कार्डांचं काम तुम्हाला घरी देत राहीन आणि तिथे दुसरं माणूस बसवीन. घाई नाही. पण संक्रांतीपर्यंत."

असं माझं घरून काम सुरू झालं. पहाटे मी पिशवी घेऊन स्टँडवर जायची आणि सव्वासहाच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायची. हे भाऊ माझ्या ओळखीचे होते. पूर्वी मी ग्रंथपालनाचा कोर्स करायला धुळ्याला राहिले होते, तेव्हा सहा महिने अक्काने माझा जेवणाचा डबा याच भाऊंच्या हाती पाठवला होता. तेव्हा नवे होते ते. आता कानाजवळ केस पिकले होते, पण मफलर तोच वाटायचा. संध्याकाळी साडेसहाला गाडी परत आली की ते पिशवी देत. तिच्यात नव्या चिठ्ठ्या आणि कोरी कार्डं असत.

पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, "ताई, इतली थंडीमा स्टँडवर येतीस, तं गाडीमाच बस ना. तिकीट तेवढंच."

मी हसले नाही. त्यांनीही पुन्हा म्हटलं नाही.

घरात मी खिडकीजवळ बसून लिहायची. लेखकाचं कार्ड होई, नावाचं होई. विषयाचं होत नसे, कारण पुस्तक हातात घेतल्याशिवाय ते कशाबद्दल आहे हे सांगता येत नाही. नावावरून फसायला होतं. मग मी विषयाची कार्डं कोरी ठेवून वेगळा गठ्ठा बांधत गेले. तो वाढत होता. आबा पलीकडे खाटेवर बसलेले असायचे. ते दिवसभरात चार-पाच वाक्यं बोलत. तेवढीच मीही. सकाळी भाकरी, दुपारी तीच, संध्याकाळी खिचडी. अक्काच्या चुलीपाशी मी जेमतेम उभी राहत होते.

एका घरून दुसऱ्या घरी चालत जावं तसे दिवस जात होते. पुढे घर आहे एवढं माहीत, चालण्यात काही नाही. संक्रांत जवळ आली तशी मी ग्रंथपालांना पत्र लिहिलं. चार ओळींचं. टेबलावर दुसरं माणूस बसवावं, मी घरून कार्डं लिहीत राहीन, वडील एकटे असतात. शेवटचं खरं होतं. तरी त्यामुळे मी राहत होते असं नव्हतं. मी धुळ्याला गेले होते आणि मागे ती गेली होती, एवढंच डोक्यात होतं. त्याचा अर्थ लावायचं मी सोडून दिलं होतं. पत्र दुमडून मी वहीत ठेवलं. रोज पिशवीत टाकायचं राहत होतं.

संक्रांतीला पाच-सहा दिवस उरले असतील. त्या सकाळी मी पिशवी खुंटीवरून काढली आणि नेहमीसारखी भाऊंकडे देऊन आले. पिशवी जड लागली असणार. माझ्या लक्षात आलं नाही. परत आले तेव्हा कुठे घरातला वांगं भाजल्याचा वास जाणवला. चुलीजवळ करपलेली सालं पडलेली, खलबत्त्यात मिरचीचं पाणी. मला वाटलं, आबांनी दुपारच्या जेवणाला भरीत केलं. अक्का गेल्यापासून ते पहिल्यांदाच चुलीकडे वळले होते. मी लिहीत बसले.

दुपारी ताटं घेतली. भरीत कुठंच दिसेना.

"आबा, भरीत कुठं ठेवलं?"

"तुझ्या डब्यात दिलं ना."

"कुठल्या डब्यात?"

"पिशवीत ठेवला. खुंटीवर होती पिशवी."

मी ताट खाली ठेवलं. "आबा, मी घरीच आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी समोर पाटावर बसले आहे हे त्यांना दिसत होतंच. काट्यावर माप चुकल्यावर ते पूर्वी असेच थांबायचे म्हणे, पुन्हा वजन टाकण्याआधी.

"हो," ते म्हणाले. "तू घरीच आहेस."

आम्ही भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली. मग मला आठवलं की आपल्या घरातलं शिजलेलं अन्न बाहेर गेलं आहे, आणि सण अजून व्हायचा आहे. मी आबांना तसं म्हणाले. ते म्हणाले, "गेलं आता."

संध्याकाळी पिशवी आली. तिच्यात चिठ्ठ्या होत्या, कार्डं होती, डबा नव्हता. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी भाऊंना विचारलं.

"डबा तठेच राह्यना, ताई," ते म्हणाले. "मी माग्या. नानानी दिन्हा नही."

"का?"

"ते तूच इचार त्यासले. मी गाडी सांभाळू का तुमनं भांडं?" आणि त्यांनी घंटीची दोरी ओढली.

घरी आल्यावर आबांनी माझ्या हाताकडे पाहिलं. दोन दिवस तेही पिशवीकडे बघत होते हे मला तेव्हा कळलं.

"डबा?"

"धुळ्यालाच आहे. देत नाहीत म्हणे."

"अक्काचा डबा आहे तो," आबा म्हणाले. "आणायला पाहिजे."

डबा पितळी होता, तीन खणांचा. वरच्या झाकणाला एका बाजूने पोचा होता. तिच्या लग्नातला होता म्हणून तो अक्काचा. एरवी तो रोज माझ्याच पिशवीत असे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तेव्हा पत्र्यावरून टपटप पाणी पडत नव्हतं. एरवी दवाचं पडतं. चूल पेटवली. बरणी उचलून पळीत तेल घेतलं. ते पडलं नाही. पळी तिरकी केली तेव्हा मधासारखं हळूहळू एक धार खाली आली आणि मध्येच थांबली. मी पळी तशीच धरून उभी राहिले. आबा मागे येऊन उभे होते. त्यांनीही तेल पाहिलं. आठ वर्षांत असं तेल असताना मी एकदाही घराबाहेर पडले नव्हते.

आबा काही म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. स्वेटरच्या आत वर्तमानपत्र घातलं. पिशवीत कार्डं घेतली, विषयाच्या कोऱ्या कार्डांचा गठ्ठा घेतला, आणि पत्रही घेतलं. पत्र हातात द्यायचं, डबा घ्यायचा आणि दुपारच्या गाडीने परत यायचं. ठरवलं ते इतकंच होतं.

भाऊंनी मला पायरीवर पाहिलं आणि हात पुढे केला, पिशवीसाठी. मी आत चढले. त्यांनी हात तसाच मागे घेऊन टोपी सारखी केली. रोजच्या लोकांनी सरकून जागा केली. माझी पूर्वीची खिडकी एका मास्तरांनी घेतली होती. ते उठायला लागले. मी नको म्हणाले, तर म्हणाले, "बसा हो. या खिडकीची काच वर जातच नाही. दोन महिने मी तुमच्या नावाने गारठतोय." दोघं-तिघं हसले. मी बसले. काच खरंच वर जात नव्हती. पुलावर धुकं होतं. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा ड्रायव्हर इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून उभा राहिला आणि बाकीचे रांगेने तसेच. मीही ठेवले. बोटं गरम झाली. त्याशिवाय मला आत काही जाणवलं नाही.

ग्रंथालयात डबा माझ्याच टेबलावर होता. देवघेवीच्या टेबलावर. तिन्ही खण घासून, पालथे घालून ठेवलेले, झाकण शेजारी. नाना खिडक्या पुसत होते. मला बघून त्यांनी फडकं झटकलं.

"या, बाई."

"नाना, डबा का पाठवला नाहीत?"

"कसा पाठवू?" ते म्हणाले. "रिकामा पाठवावा तर तुमचं अन्न खाल्लंय आम्ही. खाल्लेल्या घरचं भांडं रिकामं कसं पाठवायचं? भरून पाठवावं तर तुमच्या घरी काय चालतं, काय नाही, कुणाला माहीत? गोड चालत नाही, तळलेलं चालत नाही. सरांना विचारलं. सर म्हणाले, पुस्तकात बघतो."

"मग?"

"मग काय. पुस्तकात नाही. मी म्हटलं, राहू द्या. बाई येतील तेव्हा नेतील."

"आणि तुम्ही खाल्लंत ते? आमच्या घरातलं?"

नाना परत खिडकीकडे वळले. "डबा उघडल्यावर कळलं, तुमचा आहे. झाकून ठेवायचा तर नासला असता. सर म्हणाले, वाटून घेऊ. बसलो दोघं. भाकरी तुमच्या अक्काच्या हातची नाही, हे दिसतच होतं. वाकडी होती. भरितात मीठ नव्हतं."

"आबांनी केलं होतं."

"असं होय," नाना म्हणाले. काच पुसून झाली तरी ते पुसत राहिले. "मिठाशिवायबी चांगलं होतं."

मी डबा पिशवीत ठेवायला टेबलाच्या मागे गेले. खण एकावर एक बसवत होते तेवढ्यात रोज येणारे एक म्हातारे वाचक आत आले. कानटोपी, हातात काठी. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं, वर आपलं कार्ड ठेवलं आणि नवीन पुस्तकाचं नाव सांगितलं. मी उभीच होते. कार्ड घ्यायचं तर खुर्चीत बसावं लागतं, कारण टेबलातला कार्डांचा खण गुडघ्याच्या उंचीवर आहे. मी बसले. परत आलेल्या पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला. शाई थंडीने घट्ट झाली होती, शिक्का अर्धाच उठला. पुन्हा मारला. त्यांचं पुस्तक आणून दिलं.

"बरेच दिवस दिसला नाहीत," ते म्हणाले.

"हो."

ते उन्हाच्या बाकाकडे गेले. त्यानंतर आणखी तीन-चार वाचक आले. मग कुणी आलं नाही, तेव्हा मी विषयांच्या कोऱ्या कार्डांचा गठ्ठा सोडला, कपाटातून एकेक पुस्तक काढून आणलं आणि उघडून बघू लागले. एक विहिरींबद्दल होतं. नावावरून मला ते देवळांबद्दल वाटलं होतं. दुपारची गाडी साडेबाराला होती. ती गेली हे मला घड्याळात बघून कळलं, पाऊण वाजता.

जेवणाच्या सुट्टीत ग्रंथपाल टेबलाशी आले. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग गठ्ठ्याकडे.

"संक्रांत परवा आहे," ते म्हणाले. "काय ठरलं?"

पत्र पिशवीत होतं. हात घातला असता तर लागलं असतं.

"विषयाची कार्डं घरून होत नाहीत, सर," मी म्हणाले. "पुस्तकं बघावी लागतात."

"लागतात," ते म्हणाले, आणि आत गेले. त्यांच्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नानांनी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी कागदावर ठेवून माझ्यापुढे सरकवली. मी खाल्ली.

संध्याकाळच्या गाडीत मी डबा मांडीवर घेऊन बसले. रिकामा होता. आपला डबा आपणच नेला तर रिकामा चालतो, असं नानांनी स्टँडवर पोचवायला आल्यावर दोनदा सांगितलं होतं. पत्र मी पारोळ्याच्या पुढे कधीतरी फाडलं. खिडकी उघडीच होती, पण तुकडे बाहेर टाकले नाहीत. पिशवीतच राहिले, नंतर चुलीत गेले.

आबा ओसरीवर उभे होते, डोक्याला फडकं बांधून. मी डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दांडीला धरून जरा वर केला आणि तसाच अधांतरी धरला, काट्यावर धरावा तसा.

"रिकामा आहे," ते म्हणाले.

"हो. नाना म्हणाले, भरितात मीठ नव्हतं."

आबांनी डबा खाली ठेवला. "ती शेवटी टाकायची," ते म्हणाले. "मी बघायचो. पण टाकायचं लक्षात राहिलं नाही."

दुसऱ्या दिवशीही तेल घट्टच होतं. मी पळी बरणीत ठेवून झाकण लावलं. आबांनी डबा भरून खुंटीवरच्या पिशवीत घातला आणि मी आहे की नाही हे मागे वळून बघितलं. मी स्वेटर घालत होते. ते म्हणाले, "गाडी चुकेल."

पुढे संक्रांत झाली. मामाकडचे लोक तिळगूळ घेऊन आले, त्यानंतर घरातून अन्न बाहेर जायला हरकत राहिली नाही. मला त्याने काही वेगळं वाटलं नाही. मी जात-येत राहिले. आबांच्या हातून मात्र त्यानंतर कितीतरी दिवस मीठ जास्त पडत होतं. नाना रोज माझ्या डब्यातलं घेऊन खात, वर तांब्याभर पाणी पीत, आणि काही म्हणत नसत.